मांडवीवरील फेरीबोट

मराठवाड्यांतला शेतकरी गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीं. तो तिला गंगा म्हणतो. परभणी जिल्ह्यांत पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या अंगानें ती पूर्वेकडे वाहत जाते, आणि जनाबाईच्या गंगाखेडास तर गांवाच्या नांवांतच नदी येऊन बसली आहे. या नदीच्या कांठीं राहणाऱ्यांच्या पुढें पिढ्यान् पिढ्या एकच अडचण होती. शेत ऐलतीरीं, सोयरे पैलतीरीं आणि आठवड्याचा बाजार पुन्हां ऐलतीरीं. उन्हाळ्यांत पात्रांत गुडघाभर पाणी असे. तेव्हां ठरलेल्या उतारानें बैलगाडी खुशाल पलीकडे जाई. पावसाळ्यांत मात्र भोयांच्या नावेवांचून गति नसे, आणि नाव नसेल तेथें तराफा किंवा गुळाची काहीलसुद्धां माणसांना पार नेई. अशा ठरलेल्या नावेला आणि ती लागते त्या जागेलाहि जुन्या मराठींत एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘तर’.

गंगेवरील या तरी आतां बहुतेक उठल्या. नदीवर ठिकठिकाणीं पूल झाले. पैठणास १९७६ सालीं जायकवाडीचें धरण पुरें झाल्यावर नदीचें वाहणेंच बदललें, आणि पुढें ढालेगांव, मुद्गल, दिग्रस येथें बंधारे बांधून तिचें पाणी टप्प्याटप्प्यानें अडविण्यांत आलें. परंतु पूल नव्हते तेव्हांहि गंगेवर मोटारी वाहून नेणारी नित्याची तर कां रुजूं शकली नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. पठारावरची नदी सम वाहत नाहीं. वैशाखांत जिच्या वाळूंत झरे खणावे लागतात तीच श्रावणांत दरडी खात आणि झाडें उपटून आणीत धांवते. उन्हाळ्यांतील आणि महापुरांतील पाण्याच्या उंचींत कित्येक पुरुषांचें अंतर पडतें. एका ऋतूंत नावेचें बूड वाळूला टेकावें आणि दुसऱ्या ऋतूंत धक्काच पाण्याखालीं जावा, अशा ठिकाणीं जड वाहन नावेवर चढवायचें कोठें आणि उतरवायचें कोठें? त्याला नदीच वेगळी लागते. बारा महिने खोल असणारी, आणि जिच्या पाण्याची चढउतार एका ठराविक मर्यादेंत राहते अशी. ती मराठी मुलुखाच्या पश्चिम कडेला, समुद्राच्या तोंडाशीं सांपडते. आणि तिच्यावरची तर केवळ स्मरणांत उरलेली नसून आजहि रोज सकाळीं माणसांना कामावर पोंचवीत आहे. ती नदी म्हणजे गोमंतकांतील मांडवी.

मांडवी उगमापाशीं म्हादई असते. बेळगांव जिल्ह्यांत खानापूर तालुक्याच्या रानांत ती निघते, सह्याद्रि उतरते आणि पणजीपाशीं समुद्रास मिळते. तिची सगळी धांव शंभर किलोमीटरसुद्धां नाहीं. परंतु शेवटचे तीसांहून अधिक किलोमीटर ती नदी कमी आणि खाडी अधिक आहे. दिवसांतून दोनदां समुद्र तिच्यांत शिरतो आणि दोनदां परततो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटींत सुमारें दोन मीटरांचा फरक पडतो. दोन मीटर हा आंकडा लहान दिसतो खरा, पण तो रोजचा आहे आणि त्याचें वेळापत्रक पंचांगावरून सांगतां येतें. गंगेच्या पुराचें वेळापत्रक कोणत्या पंचांगांत आहे?

खाडीचें पाणी वेळेवर चालतें आणि वेळ चुकणाऱ्याची गय करीत नाहीं, याचा दाखला मराठ्यांच्या इतिहासांतच आहे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्रीं संभाजी महाराजांच्या सैन्यानें ओहोटी साधून जुवें बेटावरचा किल्ला घेतला. गोवें शहर तेथून हांकेच्या अंतरावर होतें. दुसऱ्या दिवशीं खुद्द पोर्तुगीज विजरई फौज घेऊन चालून आला आणि मार खाऊन परतला. पाठलागांत खाडीला भरती चढली, महाराजांचा घोडा पाण्यांत ओढला गेला आणि खंडो बल्लाळानें उडी घालून धन्यास वांचविलें, अशी परंपरागत हकीकत आहे. रात्रीं जेथून पायउतारा होता तेथें सकाळीं घोडा पोहणीस लागला. पोर्तुगिजांनीं तिसवाडीच्या भोंवतीं नदी ओलांडण्याच्या प्रत्येक जागीं पहारे बसविले होते, कारण बेटाच्या मुलुखांत तर ज्याच्या ताब्यांत त्याच्याच हातीं वेशीचा दरवाजा. जुव्याला आतां पूल आहे. परंतु जवळच्याच चोडण आणि दिवाडी या दोन बेटांचा पणजीच्या बाजूचा दरवाजा अद्यापि फेरीबोट हाच आहे.

फेरीबोट हें नांव इंग्रजींतून आलें आणि तेथें असें कांहीं रुळलें कीं खेड्यांतली म्हातारीहि तेंच वापरते. नदी परिवहन खातें या नांवाचें एक स्वतंत्र सरकारी खातें या बोटी चालवितें. रायबंदरहून चोडणास, जुन्या गोव्याहून दिवाडीस, दिवाडीहून पलीकडे नार्व्यास, पणजीहून बेतीस, कुठ्ठाळीहून मडकईस, केरीहून तेरेखोलास, असे तिचे मार्ग आहेत. रस्ते बांधणारें खातें सर्वत्र असतें; परंतु नदी हाच रस्ता समजून तो रात्रंदिवस चालता ठेवणारें खातें विरळा.

बोट दिसावयास मुळींच देखणी नसते. शिडाच्या गलबताचा डौल नाहीं कीं आगबोटीचा थाट नाहीं. एक मोठी लोखंडी परात, तिच्या कडेला कठडे व बांकें, वर तांडेलाची लहानशी खोली आणि तोंडाशीं सांखळदंडांनीं वरखालीं होणारी एक रुंद झडप, एवढाच तिचा संसार. पण ही परात नीट पाहिली तर तिच्यांत शाळेंतलें बरेंच पदार्थविज्ञान भरलेलें आढळतें.

तिचें बूड सपाट असतें. समुद्रावरच्या जहाजाचें बूड लाटा कापण्यासाठीं निमुळतें करतात. येथें लाटा नाहींत, उलट कांठाचें पाणी उथळ आहे, म्हणून बोटीनें शक्य तितकें कमी बुडावें हें इष्ट. समजा, बोटीचा पाण्याला टेकलेला पसारा वीस मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे. म्हणजे एकशेंवीस चौरस मीटर. ती एक सेंटिमीटर खालीं जाण्यासाठीं तिनें एक घनमीटर आणि वर पांचवा हिस्सा इतकें पाणी बाजूस सारावें लागतें, आणि त्याचें वजन भरतें सव्वा टनाच्या आंत-बाहेर. साधारण मोटार एक टनाची धरली तर सहा मोटारी चढूनहि बोट जेमतेम पांच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटें खचते. पसरट भांड्याला ओझें जाणवत नाहीं, तें हें असें. मात्र हेंच ओझें एका कडेला लोटलें तर परात कलंडूं लागते. म्हणून खलाशी मोटारींना मध्यें घेतो, दुचाक्या दोन्ही अंगांना सारख्या लावतो, आणि कोणी घाईनें पुढें घुसला तर त्याच्यावर डाफरतो. त्याचें डाफरणें उद्धटपणाचें वाटतें. वस्तुतः तो आर्किमिडीजचा सिद्धांत शिकवीत असतो.

दुसरी युक्ति धक्क्याची. जहाजाचा धक्का उभ्या भिंतीसारखा असतो. फेरीबोटीचा धक्का नुसता दगडी उतार असतो, रस्ता सरळ पाण्यांत बुडत गेल्यासारखा. नवख्या माणसास वाटतें कीं हा अर्धाच बांधून सोडला. परंतु त्यांतच सगळें इंगित आहे. उतार जर आठास एक असा धरला तर दोन मीटर पाणी चढलें-उतरलें कीं पाण्याची कड त्या उतारावर सोळा मीटर मागें-पुढें सरकते. बोट जेथें पाणी असेल तेथें तोंड टेकते आणि झडप टाकते. भरती असो वा ओहोटी, झडप दगडावर तितकीच पडते. धक्क्याला हलणारी यंत्रें नकोत, मोजमाप नको. उतारावरचा खालचा भाग ओहोटीत उघडा पडतो तेव्हां त्यावर शेवाळ असतें आणि दुचाकीस्वार तेथें पाय टेकवीत सांवकाश जातात, एवढीच काय ती काळजी.

बोट धक्क्याला लागल्यावर बहुधा यंत्र बंद करीत नाहींत. तिचें तोंड दगडाशीं रेटलेलें राहावें म्हणून तें हळूंहळूं चालूच ठेवतात. आणि निघाल्यावर ती सरळ समोरच्या धक्क्याकडे तोंड करून जात नाहीं. प्रवाह ज्या बाजूनें येतो त्या बाजूकडे तोंड कांहींसें वळवून ती तिरकी चालते, म्हणजे पाण्यानें जितकें खालीं ओढावें तितकें तिनें वर चढावें आणि शेवटीं नेमकें समोर उतरावें. भरतींत हा कल एका बाजूस, ओहोटीत दुसऱ्या बाजूस, आणि आषाढांत डोंगरांतलें गढूळ पाणी येऊं लागलें कीं तो अधिकच वाढतो. नदीस फार ओढ असली तर फेऱ्या थांबवाव्याहि लागतात. पूर्वीं यांत आणखी एक संकट असे. डिचोली-सांखळीकडील लोहखनिज भरलेल्या प्रचंड बार्जी मांडवींतून मुरगांव बंदराकडे जात आणि तांडेलास त्यांच्या मधून वाट काढावी लागे. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें खाणींचें काम थांबलें, २०१८ मध्यें तें पुन्हां बंद पडलें, आणि पाण्यावरची ती जुनी गर्दी ओसरली.

सकाळीं रायबंदरच्या धक्क्यावर उभें राहिलें तर ही तर कोणासाठीं आहे हें विचारावें लागत नाहीं. चोडणाकडून आलेली झडप पडतांच प्रथम दुचाक्यांचा लोंढा बाहेर येतो. त्यांत कचेरींत जाणारे कारकून असतात, पणजीच्या महाविद्यालयांतलीं मुलें असतात, बांधकामावरचे गवंडी असतात. मागून चारचाकी निघतात आणि कडेनें, कोणालाहि वाट न देतां, मासळीच्या पांट्या घेतलेल्या बाया. उलट दिशेस पावांची टोपली सायकलला बांधलेला पोदेर वाट पाहत उभा असतो. पुढें मये व डिचोलीकडील लोकांनाहि ही जवळची वाट पडते. मधली पांच-सात मिनिटें हीच बेटाची चावडी. लग्नें जुळतात तीं येथें, भांडणें मिटतात तीं येथें, आणि कोण आजारी आहे ही बातमी डॉक्टरच्या आधीं येथें पोंचते. पायीं जाणाऱ्यांस या बोटींवर पैसे पडत नाहींत, अशी तेथें फार दिवसांची वहिवाट आहे. दुचाकीहि फुकट जाते आणि आकार पडतो तो चारचाकीला. २०२३ च्या अखेरीस दुचाकीवरहि आकार बसविण्याचा विचार सरकारनें केला होता, परंतु लोकांनीं इतका विरोध केला कीं तो बाजूस ठेवावा लागला. लोकांचें म्हणणें साधें होतें: रस्त्यावर चालण्याचे पैसे कोणी देतो काय?

तरीशिवाय गति नाहीं ही भावना गोमंतकाच्या गाण्यांतहि उतरली आहे. पैलतीरीं लग्नाला जावयाचें म्हणून नावाड्यापुढें अंगावरचे दागिने एकेक करून ठेवणारी कलावंतीण आणि बधत नसलेला तो नावाडी यांच्यावरचें कोंकणी देखणी जातीचें गीत सर्वत्र ठाऊक आहे. १९७३ च्या ‘बॉबी’ या हिंदी चित्रपटानें त्याचा धागा घेतला आणि तें भारतभर पोंचलें. आजचा खलाशी दागिने मागत नाहीं. पण शेवटची बोट सुटल्यावर धक्क्यावर पोंचलेल्या माणसाला त्या कलावंतिणीची अवस्था चांगली समजते.

मग प्रश्न येतो कीं विसाव्या शतकांत इतके पूल झाले असतां हें लोखंडी परातीचें प्रकरण टिकलें कसें? पूर्वीं तर मोठ्या रस्त्यांनाहि तीच एक गति होती. १८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्य बेतीस येऊन ठेपलें तें मांडवीच्या कांठाशीं थांबलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नदी ओलांडून पणजींत गेलें. मुंबईहून येणारी मोटार त्यानंतरहि कांहीं वर्षें बेतीस बोटीवर चढत असे. १९७० सालीं मांडवीवर पूल झाला. दक्षिणेकडे जुवारी नदीवर आगशी आणि कुठ्ठाळी यांच्यामध्यें तीच पद्धत होती. तेथें पूल होण्यास १९८३ साल उजाडलें. आतां तरीचे दिवस भरले असें पुष्कळांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु ५ जुलै १९८६ रोजीं मांडवीचा तो पूल कोसळला. बांधून अवघीं सोळा वर्षें झालीं होतीं. खाऱ्या वाऱ्यानें आंतलें पोलाद गंजलें होतें. ज्या बोटी जुन्या म्हणून बाजूस पडल्या होत्या त्यांच्यावर राजधानीची वाहतूक पुन्हां येऊन पडली; नवा पूल वापरांत आला तो १९९२ सालीं. मध्यें दुसरें कांहीं केलें असेल-नसेल, पण पहिल्या दिवशीं नदी ओलांडून दिली ती बोटीनेंच. पुढें तेथें २०१९ मध्यें तिसरा, आणखी उंच पूल झाला. तरी त्यांच्या सावलींत पणजी-बेती बोट अजून चालते. डोक्यावरून तीन पूल गेले असतां खालून बोट कां? कारण पूल हा मोटारीच्या सोयीनें बांधलेला असतो. बेतीच्या धक्क्याजवळ राहणाऱ्या पायीं माणसास पुलापर्यंत चालत जाऊन परत पणजींत उतरणें म्हणजे द्राविडी प्राणायाम होय.

दिवाडीची गोष्ट मात्र याहून निराळी आहे. चोडणास उत्तरेकडून मयेच्या बाजूनें जमिनीचा रस्ता आहे; दिवाडीला कोणत्याच बाजूनें नाहीं. तेथें जावयाचें तर बोटीनेंच, परतावयाचें तर बोटीनेंच. बेट प्राचीन आहे. कदंब राजांचें दैवत सप्तकोटेश्वर मूळचें येथलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगिजांनीं तें देऊळ मोडलें तेव्हां भक्तांनीं लिंग नदीपार नेऊन नार्व्यास स्थापिलें, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ सालीं शिवाजी महाराजांनीं केला. अलीकडे त्याची दुरुस्ती होऊन २०२३ मध्यें तें पुन्हां खुलें झालें. थोडक्यांत, या नदीवर देवालासुद्धां तर चुकली नाहीं.

अशा बेटावर पूल बांधावा कीं नाहीं, याविषयीं तेथील लोकांतच दोन मतें आहेत, आणि दोन्हींना आधार आहे. रात्रीं उशिरां बाळंतीण अडली किंवा म्हाताऱ्याच्या छातींत कळ आली तर बोट समोरच्या कांठाला असते आणि पांच मिनिटें पांच तासांसारखीं जातात. रोज नोकरीवर जाणाऱ्याच्या आयुष्यांतले किती दिवस धक्क्यावर वाट पाहण्यांत गेले याचा हिशेब केला तर पुलाची मागणी चुकीची कोण म्हणेल? ज्याच्या घरीं असा प्रसंग आला त्याला जुन्या वळणाची गोडी सांगणें हें शहरांतल्या माणसाचें काम नव्हे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारीं बोंदेरांचा उत्सव पाहावयास येणारा पाहुणा संध्याकाळीं परत जातो. बेटावरचा माणूस तेथेंच राहतो.

उलट बाजूहि पोकळ नाहीं. दिवाडीवर आणि चोडणावर खाजणें आहेत. खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल शेतजमीन. तिच्यांत भात पिकतें आणि मानस नांवाच्या झडपेनें खारें पाणी आंत-बाहेर सोडून कोळंबीहि धरतात. हे बांध पूर्वीं गांवकरीच्या संस्थेनें पिढ्यान् पिढ्या सांभाळले. कांठाला कांदळवन आहे. चोडणाच्या टोंकाला तें राखून १९८८ सालीं डॉक्टर सलीम अलींच्या नांवाचें पक्षी-अभयारण्य केलें आहे, अवघें पावणेदोन चौरस किलोमीटरांचें. पणजीपासून इतक्या जवळ, आणि तरीहि ही जमीन बंगल्यांसाठीं विकली गेली नाहीं, याचें एक कारण ही बोट आहे असें पूल नको म्हणणारे सांगतात. बोट माणसाला अडवीत नाहीं, पण घाईला अडविते. एका फेरींत जितक्या मोटारी मावतील तितक्याच बेटावर येतील, बाकीच्यांनीं थांबावें. अशी चाळणी पुलाला लावतां येत नाहीं. बेटावरचीं घरें, शेतें आणि रस्त्यांची रुंदी याच चाळणीच्या मापानें ठरली आहे.

हा वाद गोमंतकापुरता नाहीं. जर्मनींत ऱ्हाईन नदीवर कोब्लेंझपासून माइन्झच्या बाजूला सुमारें ऐंशी किलोमीटरपर्यंत एकहि पूल नाहीं. दोन्ही कांठांवर दाट वस्ती आहे, आगगाड्या आहेत, आणि मोटारी बोटींनीं नदी ओलांडतात. इतका धनाढ्य आणि पूल बांधण्यांत वाकबगार देश, पण तेथेंहि पुलाचा प्रश्न वर्षानुवर्षें लोंबकळत आहे. इकडे महाराष्ट्रांत उलट हवा दिसते: दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्यें वाशिष्ठीच्या खाडीवर २००३ सालीं मोटारी नेणारी बोट नव्यानेंच सुरू झाली, आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या लोकांनीं ती आनंदानें आपलीशी केली. लांबचा वळसा वांचतो एवढेंच त्यांनीं पाहिलें.

सरकारनें सध्यां मधला मार्ग धरलेला दिसतो. जुलै २०२५ मध्यें रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो म्हणतात त्या जातीच्या, अधिक वाहनें घेणाऱ्या नव्या बोटी आल्या. चाळणीचीं छिद्रें मोठीं झालीं इतकेंच, चाळणी राहिली.

दिवाडीवरून नार्व्याकडे जाणारी बोट मात्र अजून जुन्या चालीनें चालते. गोकुळअष्टमीला नार्व्याच्या घाटावर नदींत स्नान करावयास दोन्ही तीरांवरून लोक जमतात. त्या दिवशीं मोटारी थोड्या आणि माणसें पुष्कळ असतात. ओल्या कपड्यांनीं, हातांत नारळ घेऊन माणसें झडपेवरून चढतात. खलाशी त्यांना दोन्ही कडांना सारखें वांटून उभें करतो, सांखळी ओढतो, आणि बोट प्रवाहाकडे तोंड वळवून दिवाडीकडे निघते.